लोखंडी की ॲल्युमिनियमचा

४ मार्च, रविवार, सकाळी ७.१०

मोठ्या कामाची नोंद ठेवावी लागते. जहाजावर ठेवतात, दवाखान्यात ठेवतात. मीही ठेवणार. रोज. थोडक्यात. फापटपसारा नाही.

काम : मागच्या शेडमध्ये उभी असलेली आमची जुनी छोटी गाडी. तिला दुसरं इंजिन बसवायचं आणि त्या इंजिनाला टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनात हवा जबरदस्तीने कोंबणारा पंखा. हवा जास्त, ताकद जास्त. बजेट कमी, डोकं जास्त.

मुदत : ३० एप्रिल.

त्यानंतर ती गाडी स्वतः चालवत हिच्याकडे जायचं. साडेतीनशे किलोमीटर. दारात उभं राहून हॉर्न. ही खिडकीत येईल. तेव्हाचा चेहरा बघण्यासारखा असेल.

हिला जाऊन पाच आठवडे झाले. हेड नर्स म्हणून बढती मिळाली, पण दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात. जाताना म्हणाली, तुमच्या कंपनीचं तिकडेही युनिट आहे, तीस एप्रिलपर्यंत बदलीचा फॉर्म घेतात, तुमचं काय ते ठरवा आणि मला सांगा. मी म्हटलं, त्यात ठरवायचं काय?

त्यात ठरवायचं काहीच नाही. म्हणून आधी इंजिन.

५ मार्च

पहिला प्रश्न ब्लॉकचा. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा सांगाडा. त्यातल्या चार भोकांत पिस्टन वरखाली होतात, बाकी सगळं त्याला लटकतं. सांगाडा चुकला की सगळंच चुकलं.

गाडीतला मूळ ब्लॉक बाद आहे. गेल्या वर्षी मी गाडी पाण्याशिवाय चालवली. ही शेजारी बसून म्हणत होती, अहो, काटा लाल रेघेवर गेलाय. मी म्हणत होतो, काटा खोटा आहे. काटा खरा होता. पण त्या मापाचे काटे बहुतेक वेळा खोटेच असतात, हेही तितकंच खरं.

आता उमेदवार दोन. एक लोखंडी, जुन्या मालवाहू व्हॅनमधला. जड, स्वस्त, टर्बोचा मार निमूट खाणारा. दुसरा ॲल्युमिनियमचा, नंतरच्या मॉडेलमधला. पंचवीस किलोने हलका, महाग, जरा तापला की वाकडा होणारा.

फोनवर हिला सगळं समजावून सांगितलं. सतरा मिनिटं. ऐकून म्हणाली, जेवलात का?

विषय तिला पटलेला दिसतो.

८ मार्च, दुपारी, कारखान्यात

एक्सेलमध्ये तक्ता केला. चौदा रकाने. लोखंडी ६१ गुण, ॲल्युमिनियम ६१ गुण. म्हणजे तक्ता निःपक्षपाती झालाय.

मी बाटल्यांच्या बुचांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. एकोणतीस वर्षं. दर तासाला मशिनखालून वीस बुचं उचलायची, कॅलिपरने मापायची, वहीत लिहायची. केसभर फरक पडला तर अख्खा लॉट परत. एकोणतीस वर्षांत माझ्या हातून चुकीचं माप पुढे गेलेलं नाही. तेव्हा ब्लॉक निवडणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ.

११ मार्च, रविवार

लेथवाल्या मावशींकडे गेलो. सिलिंडरची भोकं घासून मोठी करायचं काम गावात त्याच करतात. वडिलांचं दुकान, वडिलांचीच मशिन. साठीच्या असतील. सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही.

म्हणाल्या, ब्लॉक कुठाय? मी म्हटलं, अजून घेतला नाही. म्हणाल्या, मग आणलंय काय? मी म्हटलं, प्रश्न.

त्यांनी मशिन चालू केली. तिच्या आवाजात काही ऐकू येत नाही. तरी मी पाऊण तास बसलो. निघताना म्हणाल्या, काम काय करता तुम्ही? मी सांगितलं. म्हणाल्या, बरं बुचवाले, ब्लॉक आणाल तेव्हा मापून आणा. दुकानदाराच्या तोंडाचं माप नको.

मला हे सांगतात! मला!

१३ मार्च

इंटरनेटवर गाड्यांच्या ग्रुपमध्ये प्रश्न टाकला. एका दिवसात एकेचाळीस उत्तरं. बावीस लोखंडी, एकोणीस ॲल्युमिनियम. एकाने लिहिलं, काका, आधी ब्रेक बदला. त्याला आभार लिहिले. सगळ्यांनाच लिहिले, एकेकाला वेगळे.

आमच्या लग्नात इतके लोक माझ्याशी बोलले नव्हते.

१६ मार्च

हिचा फोन. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये दोघीदोघींना एक खोली. कंटाळली आहे. भाड्याने घर बघतेय. म्हणाली, एका खोलीचं घेऊ की दोन खोल्यांचं, ते तुमच्यावर आहे.

मी म्हटलं, घाई करू नकोस, दोन्हीचे फायदे-तोटे लिहून पाठवतो. तासाभरात तक्ता पाठवला. अकरा रकाने.

उत्तरात अंगठा आला.

२० मार्च

संकल्प. येत्या रविवारी दुपारी बारापर्यंत ब्लॉकचा निर्णय. बदल नाही. ठरलं म्हणजे ठरलं. त्यानंतर लगेच फॉर्म. एका वेळी एकच निर्णय घ्यावा, नाहीतर दोन्ही बिघडतात.

२५ मार्च, रविवार, दुपारी १२.००

निर्णय झाला. पुढचा रविवार.

दुपारी १२.३०

हिने दोन खोल्यांचं घर घेतलं. माझ्या उत्तराची वाट बघून मालक थांबेना म्हणाली. मी म्हटलं, बरं केलंस, सामान ठेवायला एक खोली लागतेच.

फोन कट झाला. नेटवर्क असेल.

२८ मार्च

मेहुण्याचा फोन. हिचा धाकटा भाऊ. याला आमच्या घरातलं सगळं आमच्याआधी कळतं. म्हणाला, भावजी, टर्बो राहू द्या, तुम्ही आधी पहिला गिअर टाका. मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. म्हणाला, मला इंजिनातलं कळत नाही, ताईतलं कळतं. ती तुमच्यासाठी खिडकीजवळची जागा रिकामी ठेवून बसलीय, तुमची खुर्ची मावेल एवढी मोजून.

खुर्चीचं माप हिने कुठून घेतलं? मला न विचारता? मी रात्रीच्या जेवणाआधी खुर्ची मोजली. रुंदी साठ सेंटिमीटर. हिला फोन करून सांगितलं. म्हणाली, माहीत आहे.

१ एप्रिल, रविवार

ग्रुपमधला माझा विषय बंद झाला. एकशे बारा उत्तरांनंतर ॲडमिनने लिहिलं, काका, आता दोन्हींपैकी कुठलाही घ्या, पण घ्या. आणि कुलूप लावलं.

बहुतेक तांत्रिक अडचण.

दिवसभरात तीन वेळा उघडून बघितलं. अडचण कायम आहे.

५ एप्रिल

बदलीचा फॉर्म आणला. ऑफिसातल्या फॉर्मवाल्या बाईंनी विचारलं, तुम्हीपण चाललात? कारखाना सुना होईल. मी म्हटलं, अजून पक्कं नाही. म्हणाल्या, मग सुना नाही होणार.

सोपा फॉर्म आहे. नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं. एकच रकाना राहिला. बदलीचं कारण.

‘कौटुंबिक’ लिहिलं. वाचल्यावर भांडण झाल्यासारखं वाटलं. खोडलं. ‘पत्नीची बदली’ लिहिलं. म्हणजे मी तिच्या मागे मागे जातोय असं दिसतं. खोडलं. ‘प्रकृती’ लिहिलं, प्रकृतीला काहीही झालेलं नाही. फॉर्म खराब झाला. उद्या दुसरा आणू.

९ एप्रिल

तिसरा आणला. बाई म्हणाल्या, घरी चुलीला लावता का हो?

११ एप्रिल

संध्याकाळी घर फार स्वच्छ वाटलं. कारण शोधलं. काल जिथे जे ठेवलं होतं ते आज तिथेच होतं.

ब्लॉकचं बघायला हवं.

१५ एप्रिल, रविवार, संध्याकाळी ६.००

घेतला! लोखंडी! शेवटी निर्णय एका क्षणात होतो. लोकांना हे कळत नाही.

सकाळी शहराबाहेरच्या भंगारवाल्याकडे गेलो. खिशात कॅलिपर आणि भोकाच्या आतलं माप घ्यायचा गेज, दोन्ही. तयारीनेच गेलो होतो. बाहेर जुन्या गाड्यांची दारं रचून ठेवलेली, आत एका व्हॅनचं सीट काढून त्याचाच सोफा केलेला. भंगारवाला म्हातारा आहे, एका कानाने कमी ऐकतो, त्यामुळे माझ्याकडे वळून, अगदी जवळ येऊन ऐकत होता. म्हणाला, बसा. चहा सांगितला. काय बनवताय, कशासाठी बनवताय, सगळं विचारलं.

मी सगळं सांगितलं. टर्बो, साडेतीनशे किलोमीटर, हॉर्न, खिडकी. मध्ये चार वेळा ‘वा’ म्हणाला. एकदा तर मांडीवर थाप मारली. म्हणाला, वहिनी रडतील हो साहेब. मी म्हटलं, रडणाऱ्यातली नाही ती. म्हणाला, मग नक्की रडतील.

दोन तास कुठे गेले कळलं नाही.

मग त्याने कोपऱ्यातून व्हॅनचा ब्लॉक ओढून आणला. हातोडीने ठोकून दाखवला. टण्ण. लोखंडी ब्लॉकला चीर नसली की तो घंटेसारखा वाजतो. म्हणाला, स्टँडर्ड आहे, एकदाही घासलेला नाही. पण साहेब, मापून घ्या, मागून बोलायचं नाही. माझा हात खिशात गेलाही होता. पण आता इतका वेळ बसून, त्याचा चहा पिऊन, त्याच्यासमोर गेज काढायचा? शेजाऱ्याकडे जेवून उठल्यावर वजनकाटा मागावा तसं झालं असतं. मी म्हटलं, मापायचं काय त्यात? मी माणसं ओळखतो.

म्हणाला, पुन्हा या. मी म्हटलं, पुढच्या रविवारी येतो. काही घ्यायचं नसलं तरी येतो.

१६ एप्रिल

ब्लॉक स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आहे. शेडमध्ये उजेड कमी. हमालाने विचारलं, इथेच? मी म्हटलं, इथेच.

जेवताना समोर ब्लॉक. बरं वाटलं. ताटाला जागा थोडी कमी पडते, पण एका माणसाला किती जागा लागते?

१८ एप्रिल

हातोडीने ठोकून बघितला. टण्ण नाही, थड् आला. टेबल लाकडी आहे, आवाज खातं. जमिनीवर ठेवून ठोकला. थड्. फरशीही आवाज खाते.

भंगारवाल्याची जमीन मातीची होती, तरी तिथे टण्ण आला. मातीचं काही सांगता येत नाही.

हिला फोन केला, फोनवरून ऐकवला. म्हणाली, काही कळलं नाही. मी पुन्हा ठोकला. म्हणाली, अहो, फॉर्म दिलात का? मी म्हटलं, ब्लॉक एकदा मावशींकडे दाखवला की देतोच. म्हणाली, बारा दिवस राहिलेत. मी म्हटलं, मला तारखा कळतात.

मग म्हणाली, इकडे संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर मी खिडकीत बसते. खाली बस थांबते. प्रत्येक बसमधून कोण उतरतं बघायची सवय लागलीय, वेड्यासारखी.

मी म्हटलं, बसकडे नको बघूस. मी गाडीने येणार आहे.

२२ एप्रिल, रविवार

सकाळी भंगारवाल्याकडे गेलो. गिऱ्हाईक होतं त्याच्याकडे. त्याला सोफ्यावर बसवलं होतं, मांडीवर थाप मारत होता. मला म्हणाला, काय पाहिजे साहेब? मी म्हटलं, एक बोल्ट. कुठला, म्हणाला. जो मिळेल तो घेतला.

परत येताना मावशींकडे. म्हणाल्या, पाचव्यांदा आलात, ब्लॉक एकदाही आणला नाहीत. मी म्हटलं, आता घेतलाय, तारीख द्या. म्हणाल्या, आठवडाभर हात रिकामा नाही. तीस तारखेला सकाळी अकराला घेऊन या.

तीस तारीख. उत्तम योग. सकाळी ब्लॉक, दुपारी फॉर्म. एकाच दिवशी दोन्ही कामं. मुद्दाम ठरवून असं जमत नाही.

२८ एप्रिल

चौथ्या फॉर्मवर कारण लिहिलं. फार विचार न करता, डबा खाताना. ‘पत्नीसोबत राहणे.’

तीनदा वाचलं. काही खोडावंसं वाटलं नाही. सही केली. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला, शर्ट सोमवारसाठी बाजूला काढला.

३० एप्रिल, सोमवार, संध्याकाळी ६.३०

आजचं सविस्तर लिहायला हवं, नाहीतर उगाच गैरसमज होतील.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अकराला ब्लॉक मावशींच्या दुकानात. त्यांनी चष्मा लावला आणि ब्लॉकवर एकदा हात फिरवला, फक्त हात. म्हणाल्या, मापून आणलाय ना, बुचवाले? मी म्हटलं, साधारण. म्हणाल्या, साधारण म्हणजे किती मिलिमीटर?

मग त्यांनी स्वतःचा गेज काढला. एकेका सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली. म्हणाल्या, मी सांगते, तुम्ही लिहा. भोकं रॉकेलने पुसून देताना माझे हात रॉकेलचे झाले होते. मी खिसा चाचपला, कागद निघाला, त्यावर लिहू लागलो. शहात्तर पूर्णांक शून्य दोन. शून्य चार. शून्य सहा. चारही सिलिंडर, बारा आकडे. माझं अक्षर मापं लिहिताना फार सुंदर येतं.

बाराव्या आकड्याला बघितलं तर कागद फॉर्म होता. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत होतो. रॉकेल आरपार गेलं होतं. पुढच्या बाजूची शाई फुटून ‘पत्नीसोबत’च्या जागी निळा डाग. ‘राहणे’ तेवढं वाचता येत होतं.

मावशी म्हणाल्या, नवा ब्लॉक पंचाहत्तरचा येतो. हा तीनदा घासून शेवटच्या मापाला पोचलेला आहे आणि त्यावर झिजलाय. भिंती राहिल्यात कुठे? याला टर्बो लावलात तर पहिल्या चढाला बोंब. मग दोन नंबर आणि तीन नंबर सिलिंडरच्या मध्ये रॉकेल चोपडलं, कोरडं पुसलं, वरून खडूची पूड टाकली. मी बघत राहिलो. पांढऱ्या पुडीवर हळूहळू एक ओली काळी रेघ उमटली. केसाएवढी. आत मुरलेलं रॉकेल खडूने ओढून घेतलं होतं. चीर.

म्हणाल्या, तुम्ही रोज मापं घेता ना? मग हे घेताना काय झालं?

मी म्हटलं, चहा घेतला होता.

त्या हसल्या नाहीत. स्टूल पुढे केलं. मी बसलो.

तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ऑफिस पाचपर्यंत. बाईंकडून पाचवा फॉर्म घेऊन भरायला दहा मिनिटंही लागली नसती, आता कारण पाठ होतं. पण चार नेल्यावर पाचवा मागायचा कोणत्या तोंडाने? शिवाय मावशींनी दुपारचा डबा उघडला आणि अर्धा माझ्यापुढे सरकवला. शिवाय ॲल्युमिनियमविषयी त्यांचं मत विचारायचं राहिलं होतं. साडेपाचला त्यांनी शटर ओढलं.

म्हणजे तसं बघितलं तर निर्णय आपोआप झाला. लोखंडी बाद. ॲल्युमिनियम. दोन महिन्यांचा घोळ मिटला.

फॉर्म पुढच्या वर्षी पुन्हा निघतो म्हणे. निघू शकतो.

१ मे

हिचा फोन सकाळीच. मी सगळं सांगितलं, बारा आकडे, खडू, चीर. शेवटी फॉर्मचं सांगितलं.

म्हणाली, बरं.

मी म्हटलं, रागावलीस? म्हणाली, नाही हो. ते ‘पत्नीसोबत राहणे’ तुम्ही खरंच लिहिलं होतं?

मी म्हटलं, खरंच. रॉकेल पडलं.

म्हणाली, मला तेवढा कागद पाठवता? मी म्हटलं, त्यावर मापं आहेत, लागतील.

७ मे

मेहुण्याचा फोन. या वेळी टोमणा नाही, काही नाही. म्हणाला, भावजी, आता मी काहीच म्हणणार नाही तुम्हाला.

अखेर मान्य केलं.

१२ मे

हिला तिकडे तिचं थोडं सामान हवंय. शिवणयंत्र, लोखंडी कपाट, पुस्तकांच्या दोन पेट्या, उभा आरसा. टेम्पो तीच पाठवणार. मी म्हटलं, एवढं सगळं कशाला, गाडी झाली की मी दोन फेऱ्यांत आणतो. म्हणाली, नको. वीस तारखेला घरी असाल ना?

मी म्हटलं, मी घरीच असतो.

१९ मे

कपाट रिकामं केलं. त्यात माझे दोन स्वेटर निघाले. काढून ठेवले. मग पुन्हा आत ठेवले. मग काढले.

शहराबाहेरच्या एका माणसाकडे ॲल्युमिनियमचा ब्लॉक आहे असं कळलं. उद्या दुपारी बघायला जायचं पक्कं. या वेळी आधी मापणार, मग बोलणार. चहा नाही.

२० मे, रविवार, सकाळी १०.१५

टेम्पो साडेआठला आला. हमाल दोन, ड्रायव्हर एक. चाळीस मिनिटांत सगळं चढलं. बावीस वर्षांच्या संसाराच्या मानाने फार लवकर.

ड्रायव्हर दोर बांधून झाल्यावर म्हणाला, चला साहेब, बसा पुढे. मी म्हटलं, मी नाही. म्हणाला, बाईंनी बुकिंगला सामान आणि एक माणूस सांगितलाय. मी म्हटलं, चुकून सांगितलं असेल. म्हणाला, चुकून कसं? मी दोनदा विचारलं. एक माणूस येईल म्हणाल्या, पण त्याला तुम्ही आग्रह करू नका म्हणाल्या. म्हणून मी एकदाच म्हणतोय. बसा.

मी म्हटलं, दुपारी ब्लॉक बघायला जायचंय. म्हणाला, कसला ब्लॉक? थोडक्यात सांगितलं. हमालही ऐकत होते. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, सीट इथे रिकामी आहे आणि इंजिन चालू आहे. तुम्हाला आणखी काय पाहिजे?

त्याला टर्बोतलं काय कळणार.

तरीही निघाला नाही लगेच. काच पुसली, चाकांना लाथा मारून बघितल्या, आरसे नीट केले. पलीकडचं दार उघडंच ठेवलं होतं. मी फाटकाला धरून उभा होतो. पायात घरातल्या चपला. मग तो आतून वाकला, दार ओढून घेतलं आणि गेला.

दुपारी २.००

ॲल्युमिनियमवाल्याला फोन केला. म्हणाला, तो ब्लॉक गेल्याच आठवड्यात गेला. एक माणूस आला, मापून बघितला, घेऊन गेला.

कसला होता तो माणूस, मी विचारलं. म्हणाला, असाच, तुमच्यासारखा. घाईत होता.

संध्याकाळी ७.४०

हिचा फोन. सामान पोचलं. आरसा नीट आहे. कपाटाचा एक कोपरा चेपलाय, चालेल म्हणाली.

मी म्हटलं, ड्रायव्हर बरा होता.

हो, म्हणाली. मग खालून बस गेल्याचा आवाज आला. मग म्हणाली, मी दोघांचा स्वयंपाक केला होता.

मी विचारलं, ड्रायव्हर जेवला का?

जेवला म्हणाली. पोटभर.

बरं झालं. वाया गेलं नाही.